विमा ही भीक नाही, करार आहे

(किनवट-माहूर भागातल्या वनहक्कधारकांच्या बैठकीत संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांच्या वतीनं केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्या गावांसाठी छापत आहोत. गावात वाचून दाखवावा.)





जमिनीच्या बैठकीत ही पोरं विम्याचं काय सांगायलीत, असं काही जणांना वाटंल. म्हणून आधी तेच सांगतो. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. दावे भरले, गावसभा घेतल्या, किनवटच्या प्रकल्प कार्यालयाला चकरा मारल्या, तेव्हा कुठं काहींच्या हातात पट्टा आला. काहींचे दावे अजून लटकलेलेच हायेत. पण ज्या घरात पट्टा आला, त्या घरात आता दुसरे कागद यायला लागलेत. बँकेचं खातं, पीक विम्याची पावती, खात्यातून कापलेले २० रुपये, गाईच्या कानातला बिल्ला. हे सगळे विम्याचे कागद आहेत. आणि आपण त्यांच्याकडं कसं बघतो? "सरकारनं दिलं तर दिलं, नाही तर नशीब."

हेच चूक आहे. अतिवृष्टी झाली की सरकार जे पैसे देतं ते अनुदान, मदत. ते सरकारच्या मर्जीवर आणि ठरलेल्या दरावर असतं. विमा तसा नाही. विम्यात आपण हप्ता भरलेला असतो, किंवा आपल्या वतीनं सरकारनं भरलेला असतो. त्याच्या बदल्यात कंपनीनं शब्द दिलेला असतो. म्हणून विमा हा करार आहे. करारात दोन बाजू असतात आणि दोघांवर बंधन असतं. आपलं बंधन काय आणि कंपनीचं काय, एवढंच आज समजून घ्यायचं हाय.

आपल्या देशात कराराचा कायदा १८७२ सालचा आहे. त्यातलं १० वं कलम सांगतं, की दोन्ही बाजूंची राजीखुशी पाहिजे, दोघंही करार करायला लायक पाहिजेत, देणं-घेणं कायदेशीर पाहिजे. लायक म्हणजे १८ वर्षं पूर्ण झालेला, डोकं ठिकाणावर असलेला माणूस. राजीखुशी म्हणजे फसवून, दाबून किंवा न सांगता घेतलेला अंगठा नाही. बँकेत कर्जाला गेलात आणि कुणी चार कागदांवर अंगठे घेतले, तर विचारायचं, "साहेब, यातला विम्याचा कागद कोणता? हप्ता किती? दरवर्षी कापणार का?" असं विचारायला लाजायचं काही कारण नाही. पीक विमाही २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्याला सक्तीचा राहिलेला नाही. नको असेल तर मुदतीत बँकेला लिहून द्यायचं.

आता विम्याची तत्त्वं. बारावीच्या वाणिज्यच्या पुस्तकात ही सात तत्त्वं दिलेली असतात. पोरं ती पाठ करून पेपर लिहितात आणि विसरून जातात. आम्ही ती आपल्या शेतावर, आपल्या गोठ्यात आणून बघितली.

पहिलं तत्त्व विमाहिताचं. ज्या गोष्टीचं नुकसान झालं तर आपलं खरोखर नुकसान होतं, तिचाच विमा आपल्याला काढता येतो. शेजाऱ्याच्या बैलाचा विमा आपण काढला आणि बैल मरायची वाट बघत बसलो, तर तो विमा नाही, जुगार झाला. कराराच्या कायद्याचं ३० वं कलम सांगतं, की पैजेचा करार रद्दबातल असतो. विमा आणि जुगार यांच्यात फरक करणारी गोष्ट म्हणजे हे विमाहित.

आता आपला प्रश्न. "माझ्याकडं सातबारा नाही, वनहक्काचा पट्टा आहे. मला पीक विमा काढता येतो का?" तत्त्व काय म्हणतं बघा. विमा जमिनीचा नाही, पिकाचा आहे. पेरणी कुणाची? बियाणं कुणाचं? पीक बुडालं तर उपाशी कोण राहणार? आपणच. मग पिकात विमाहित आपलंच. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलं आहे, की अधिसूचित भागात अधिसूचित पीक घेणारे सगळे शेतकरी पात्र आहेत, कुळं आणि बटईदारसुद्धा. पट्टा तर बटईपेक्षा पक्का आहे. तो वारसांना मिळतो, विकता येत नाही, आणि लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो.

पण तत्त्व बरोबर असलं तरी केंद्रावरचा कॉम्प्युटर सातबाराचा गट नंबर मागतो. २०२५ पासून राज्यात शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि ई-पीक पाहणीही लागते. तिथं आपला माणूस अडतो आणि परत येतो. परत यायचं नाही. पट्ट्याची झेरॉक्स जोडून तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्यायचा, "मी वनहक्कधारक आहे, माझं पीक अमुक, क्षेत्र अमुक, मला विमा भरायचा आहे, नोंद करून द्या." एक प्रत तहसीलला, एक प्रकल्प कार्यालयाला. हे मुदत संपायच्या आधी करायचं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. उद्या भांडायचं झालं तर पोच हेच आपलं हत्यार.

एक मात्र करू नका. कुणी म्हणतं, "पट्टा चालत नाही ना? मग दुसऱ्याच्या गटावर भरून टाकतो, कोण बघतंय?" अजिबात ऐकायचं नाही. आपल्या राज्यात २०२३ पासून एक रुपयात पीक विमा होता. त्यात सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या रानावर खोटे अर्ज भरल्याचं उघड झालं. २०२५ च्या खरिपापासून ती एक रुपयाची सवलत बंद झाली. अर्जामागं मेहनताना केंद्रवाल्याला मिळतो आणि खोट्या अर्जावर नाव मात्र आपलं असतं. कारवाई आली तर आपल्यावर येते.

यातूनच दुसरं तत्त्व येतं, परम विश्वासाचं. बाजारात बैल घेताना घेणारा दात बघतो, चालवून बघतो. विम्यात कंपनीला सगळं बघता येत नाही. आपलं वय, आपला आजार, आपलं शेत आपल्यालाच माहीत. म्हणून विचारलेलं खरं सांगायचं, लपवायचं नाही. आयुर्विम्याच्या फॉर्मवर टीबी, शुगर, ऑपरेशन विचारतात. एजंट म्हणतो, "नाही लिहा, नाहीतर पास होणार नाही." तो त्याचं कमिशन घेऊन जाईल. माणूस गेल्यावर कंपनी दवाखान्याचे जुने कागद काढते आणि बायको-लेकरांचा दावा नाकारते. म्हणून फॉर्म दुसऱ्यानं भरला तरी वाचून घ्या, आणि मगच सही करा.

पण विश्वास हा एका बाजूचा नसतो. इंग्लंडमध्ये १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड नावाच्या न्यायाधीशानं सांगून ठेवलं, की लपवाछपवी करायला दोन्ही बाजूंना मनाई आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २००० साली एका खटल्यात ठरवलं, की जी वगळण्याची अट विमा घेणाऱ्याला दाखवलीच नाही, तिचा आधार कंपनीला घेता येत नाही. म्हणून पॉलिसीचा पूर्ण कागद मागायचा, नुसत्या पावतीवर भागवायचं नाही. आणि विमा कायदा १९३८ चं ४५ वं कलम लक्षात ठेवा. आयुर्विम्याची पॉलिसी ३ वर्षं चालली, की त्यानंतर कंपनीला कोणत्याही कारणावरून ती पॉलिसी खोटी ठरवता येत नाही.

तिसरं तत्त्व नुकसानभरपाईचं. जेवढं नुकसान तेवढीच भरपाई, आणि तीही विमा रकमेच्या आत. विम्यातून नफा काढायचा नसतो. आयुर्विम्याला हे तत्त्व लागू नाही, कारण माणसाच्या जिवाची किंमत कोण मोजणार? तिथं ठरलेली रक्कम मिळते.

पीक विम्यात मात्र इथंच सगळा गोंधळ होतो. लोक म्हणतात, "माझं सोयाबीन पैनगंगेनं नेलं, मला एक पैसा आला नाही. ज्याचं पिकलं त्याला आले." यामागचा हिशोब समजून घ्या. हा विमा एकेकट्याच्या शेतावर नाही, बहुतेक पिकांना तो महसूल मंडळावर चालतो. मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढतात, तिचा ठरलेला टक्का घेतात. ते झालं उंबरठा उत्पादन. मग यंदा मंडळात पीक कापणी प्रयोग करून उत्पादन काढतात. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आहे आणि यंदा ६ निघालं. तूट ४ क्विंटलची, म्हणजे ४० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० धरली तर भरपाई २०,०००. त्याचा आपला हप्ता खरिपाला २ टक्के, म्हणजे १,०००. रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना ५ टक्के. पण मंडळात १० क्विंटल निघालं, तर तुमचं एकट्याचं रान बुडालं तरी या हिशोबात शून्य.

पूर्वी यावर एक उपाय होता. गारपीट, पाणी साचणं, ढगफुटी असं आपल्या शेतापुरतं नुकसान झालं, तर ७२ तासांत कळवायचं आणि पंचनामा व्हायचा. २०२५ च्या खरिपात राज्यानं ही जादा संरक्षणं काढली आणि भरपाई पीक कापणीवर आणून ठेवली. केंद्रानं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की २०२६ च्या खरिपापासून रानटी जनावरांनी केलेलं नुकसानही स्थानिक आपत्तीत घेता येईल. रानडुकरांनी रात्रीतून फड आडवा केला तर आपल्याला किती फरक पडतो, हे शहरात कुणाला कळणार? पण त्यात राज्यानं काय घेतलं, आपल्या जिल्ह्याला काय लागू आहे, हे दर हंगामाला बदलतं. म्हणून हप्ता भरायच्या आधी कृषी सहायकाला विचारायचं, "यंदा कशाकशाचं संरक्षण आहे?" कराराच्या अटी माहीत नसताना हप्ता भरायचा नाही.

आणि सगळं जर पीक कापणीवर येऊन थांबलं असेल, तर आपल्या मंडळात तो प्रयोग कुठल्या रानात, कुठल्या दिवशी होतो, याची खबर गावसभेनं ठेवली पाहिजे. चार माणसं तिथं उभी राहिली पाहिजेत. वजन किती आलं ते वहीत लिहून आणलं पाहिजे. चांगल्या पाण्याच्या रानात प्रयोग झाला आणि माळावरच्या, उतारावरच्या आपल्या रानाचा विचारच झाला नाही, तर पुढं बोंबलून उपयोग नाही.

चौथं तत्त्व निकटतम कारणाचं. नुकसान कशामुळं झालं, त्यातलं खरं, जोरकस कारण कोणतं, ते बघायचं. मोहफुलं वेचताना वीज पडली, फांदी तुटली, फांदीखाली माणूस गेला. सरळ साखळी आहे, अपघातच. पण चारोळी काढायला झाडावर चढलेल्या माणसाला आधी हृदयविकाराचा झटका आला आणि मग तो पडला, तर कारण आजार ठरतं. अपघात विमा तो नाकारू शकतो, आयुर्विमा मात्र देतो.

म्हणून दोन्हीतला फरक माहीत पाहिजे. सुरक्षा विमा म्हणजे वर्षाला २० रुपयांचा, फक्त अपघाताचा, १८ ते ७० वयाचा, मृत्यूला २ लाख. जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांचा, १८ ते ५० वयाचा, कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख. फक्त नवीन काढल्यावर पहिले ३० दिवस अपघाताशिवायचा मृत्यू धरत नाहीत. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे महिन्यात खात्यातून पैसे कापतात. आणि मे महिन्यात आपलं खातं कसं असतं? रिकामं! २० रुपये नसतील तर हप्ता नाही, आणि हप्ता नाही तर करार नाही. तेंदूपत्त्याची मजुरी आली, की त्यातले एवढे पैसे खात्यात राहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, नीट ऐका. साप चावून, झाडावरून पडून माणूस गेला तर तो अपघात धरतात. पण नियम सांगतो, की अशा वेळी ताबडतोब दवाखान्यात नेल्याची नोंद पाहिजे. आपल्याकडं काय होतं? आधी भगताकडं नेतात, मग माणूस जातो, मग रातोरात माती होते. एकही कागद राहत नाही. दोन लाख तर बुडालेच, पण कदाचित तो माणूसही वाचला असता. कुणाच्या श्रद्धेवर आम्ही बोट ठेवत नाही. पण गाडी आधी दवाखान्याकडं वळली पाहिजे. जिवासाठी आधी, आणि कागदासाठीही.

पाचवं तत्त्व, नुकसान कमी करायचं. विमा आहे म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नाही. गंजीला आग लागली तर पाणी मारायचं, विमा नसता तर जे केलं असतं तेच करायचं. फक्त आवरायच्या आधी फोटो काढून ठेवायचे.

सहावं आणि सातवं गाईवरून सांगतो. विमा असलेली गाय रोडवर ट्रकनं उडवली. कंपनीनं तुम्हाला भरपाई दिली, की ट्रकवाल्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीकडं जातो. दोघांकडून पूर्ण पूर्ण घेता येत नाही. म्हणून ट्रकवाल्याशी परस्पर मिटवून "माझी तक्रार नाही" असं लिहून देऊ नका, त्यानं कंपनीचा हक्क मोडतो आणि तुमचा दावा अडकतो. आणि एकाच गाईचा दोन कंपन्यांत विमा काढला, तर दोघी मिळून वाटून भरपाई देतात, दुप्पट कुणी देत नाही. कानातला बिल्ला पडला तर लगेच कळवून नवा मारून घ्या. नाहीतर मेलेली गाय तीच होती, हे दाखवणार कसं?

आता कुणी म्हणेल, "पोरांनो, तत्त्वं ठीक हायेत. पण मोठ्या कंपनीपुढं आमचं चालतंय का?" चालतं. लातूरच्या शेजारच्या जिल्ह्यातलंच बघा, तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. २०२० च्या खरिपात ऑक्टोबरच्या पावसानं सोयाबीन सडलं. कंपनी म्हणाली, तुम्ही ७२ तासांत कळवलं नाही, पैसे नाहीत. शेतकरी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. सरकारी पंचनाम्यांत नुकसान दिसत होतं. मे २०२२ मध्ये निकाल लागला, की साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांना भरपाई द्या. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथंही शेतकऱ्यांच्याच बाजूनं झालं. अट ही नुकसान खरं आहे का ते तपासायला असते. तिच्या आडून खरं नुकसान बुडवायला नसते. पण हेही बघा, त्या शेतकऱ्यांकडं हप्ता भरल्याची नोंद होती आणि पंचनामा होता. नुसत्या तोंडी बोलण्यावर ते जिंकले नाहीत.

दावा नाकारला तर काय करायचं? पहिलं, कारण लेखी मागायचं. पीक विम्याचं असेल तर १४४४७ या नंबरवर तक्रार करून तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा, आणि तालुका व जिल्हा तक्रार निवारण समितीकडं अर्ज द्यायचा. आयुर्विमा किंवा अपघात विमा असेल तर आधी कंपनीला लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं अर्ज. त्याला फी नाही, वकील लागत नाही. नाहीतर नांदेडला, लातूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. पॉलिसी दुसऱ्याच्या नावानं असली तरी जिच्या फायद्यासाठी ती काढली ती व्यक्ती ग्राहक ठरू शकते. कर्नाटकातल्या ब्याडगीच्या शीतगृहात शेतकऱ्यांचा माल जळाला, विमा शीतगृहानं काढलेला होता. तरी शेतकरी ग्राहकच आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. आणि वकील लागलाच, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या १२ व्या कलमानं अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो. कमाईची अट नाही. कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथं जातीचा दाखला घेऊन जायचं.

शेवटी कामाचं बोलतो. प्रत्येक गावसभेनं एक विमा वही ठेवावी. त्यात घरटी लिहावं, कुणाचा कोणता विमा, हप्ता कधी कापला, वारस म्हणून नाव कुणाचं लावलंय. आया-बहिणींनी वारसाचा रकाना स्वतः बघावा. कितीतरी खात्यांवर वारस म्हणून मेलेल्या सासऱ्याचं नाव आहे, नाहीतर जागा रिकामी आहे. पावत्यांच्या झेरॉक्स वहीत चिकटवाव्यात. पट्ट्यावर अडवलेल्या प्रत्येक अर्जाची पोच त्याच वहीत ठेवावी. एकट्याचा अर्ज कपाटात जातो. वीस गावांचे, पोच असलेले अर्ज एका दिवशी टेबलावर आले, तर साहेबाला उत्तर द्यावंच लागतं. पट्टासुद्धा आपल्याला असाच मिळाला.

मे महिना संपायच्या आधी या वह्या तयार करू. ज्या गावाला लिहिणारं कुणी नाही तिथं आम्ही पोरं-पोरी येतो. चूल पेटलेली असेल तर भाकरी खाऊ, नसेल तर वही लिहून निघू.

जल, जंगल, जमीन आपली. पिकवलेलं पीकही आपलं, आणि त्याच्या विम्याचा हक्कही आपलाच.

जय सेवा! जय आदिवासी!